जुन्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन: नुसते शॉक बदलून भागेल का?

वळणवेडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात असलेली माझदा एमएक्स-५ शेवटी घेतली. दुसरी पिढी, २००१ची, अर्थात सेकंडहँड. इंजिन खणखणीत आहे, गिअर टाकायला अजून मजा येते, छतही गळत नाही. चालवताना मात्र काहीतरी बिनसलंय.

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. वळणात असताना उंचवटा आला की मागची बाजू जराशी बाहेर सरकते आणि लगेच जागेवर येते. कमी वेगात, बारीकसारीक खड्ड्यांवर पुढून डाव्या बाजूने ठक् ठक् ऐकू येतं. कोपऱ्यावर जोर देऊन सोडलं तर गाडी एकदा वर येते आणि थांबते, म्हणजे शॉक ठीक असावेत? पण मागच्या एका शॉकवर ओशटपणा दिसतोय.

आधीच्या मालकाने दिलेल्या कागदांत सस्पेन्शनच्या कामाची एकही नोंद नाही. म्हणजे बहुधा सगळं कारखान्यातून आलं तेच आहे.

माझा विचार असा की चार नवे शॉक घ्यायचे, जमल्यास थोड्या बुटक्या स्प्रिंगा, आणि विषय संपवायचा. एवढ्यावर भागेल? की बुश (सांध्यांतली रबरं), बॉल जॉइंट (गोळीचे सांधे) वगैरे सगळंच उपसावं लागेल? सगळं एकदम खिशाला झेपणारं नाही, तेव्हा क्रम कसा लावाल तेही सांगा.

खडखडाट
पहिला! "विषय संपवायचा" या दोन शब्दांवर डोळे पाणावले.

नटबोल्ट
गाडीबद्दल अभिनंदन. शॉककडे वळण्याआधी टायरवरची तारीख बघा. टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. हौसेच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी छान शिल्लक असते आणि रबर वयाने कडक झालेलं असतं. असल्या टायरवर कुठलंही सस्पेन्शन खुळं वाटतं.

टायरवरून तळहातही फिरवा. परिघावर ठरावीक अंतराने खोलगट झीज लागली तर शॉकवर संशय घ्यायला जागा आहे, कारण चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारत गेलंय.

शंकासूर
दाबून सोडण्याची परीक्षा कितपत खरी मानायची? आमच्याकडचा मेकॅनिक तेवढंच करतो आणि "शॉक टकाटक" म्हणून मोकळा होतो.

दोलक
@शंकासूर, ती परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉक पकडते. हाताने दाबता तेव्हा शॉकचा दांडा फार हळू हलतो. रस्त्यावरच्या उंचवट्याला तोच दांडा कितीतरी पट वेगाने आत जातो, आणि खरी कसोटी तिथल्या व्हॉल्व्हची असते. शिवाय जुन्या गाडीत जॉइंट आणि बुश जरा आखडलेले असतील तर त्यांचं घर्षणच हेलकावा थांबवतं आणि श्रेय शॉकला मिळतं.

थोडं मुळापासून. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉक वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची हालचाल आवरतो, तेल बारीक वाटांतून ढकलून त्या ऊर्जेची उष्णता करतो. तेलात वायूचे बुडबुडे मिसळले की तेवढ्यापुरता शॉक पोकळ होतो. म्हणून मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन घालतात आणि वायूचा दाब साधारण २० ते ३० बार ठेवतात. ट्विनट्यूबमध्ये (नळीत नळी असलेल्या शॉकमध्ये) दाब बराच कमी असतो. सीलमधून तेल आणि दाब जात राहिला की शॉक गार असताना बरा वागतो, आणि वळणावळणांच्या रस्त्यावर दहा मिनिटं चालवलं की ढिला पडतो.

वळणवेडा, सीलपाशी पुसट ओलसर थर असेल तर घाबरू नका, दांड्याला वंगण म्हणून तेवढं चालतं. ओघळ खालपर्यंत आला असेल आणि त्यावर धूळ चिकटली असेल तर तो शॉक गेला. आणि एक गेला तर त्या आक्साचे (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे) दोन्ही बदलायचे, एकटा नाही.

गतिमती
दोलक यांचं सगळं मान्य, पण लक्षणं परत वाचा. भरकटणं, वळणात मागचं सरकणं, ठक् ठक्. यातलं एकही लक्षण निव्वळ शॉकचं नाही. मी तर आधी रबर बघेन.

या गाडीला चारही चाकांवर डबल विशबोन आहे. दर कोपऱ्यात वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि आर्म जिथे शासीला लागतो तिथे रबरी बुश. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा बुश फिरत नाही, रबरच पिळवटतं. वीस-पंचवीस वर्षांत ते चिरतं, एका बाजूला बसतं, कधी नळीपासून सुटतं. मग ब्रेक, थ्रॉटल, उंचवटा, कशानेही आर्म किंचित मागेपुढे होतो आणि चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता चाक किती आत किंवा बाहेर वळलंय ते, बदलतो. मागच्या चाकाचा टो वळणात बदलला तर तुम्ही म्हणताय तेच होणार, मागचं बाहेर सरकल्यासारखं वाटणार.

तपासायचं कसं: गाडी नीट स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग ढिलं असेल तर खेळ जाणवेल. कोणीतरी ब्रेक दाबून ठेवला की खेळ गायब होत असेल तर संशयित बेअरिंग, तरीही राहत असेल तर बॉल जॉइंट. नऊ आणि तीनवर धरून टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्याचे) टोक बघा. मग छोटी पहार आर्म आणि शासीच्या मध्ये अलगद घालून बुश ढकलून बघा. बॅटरी हातात ठेवा, चिरा कडेलाच दिसतात.

ठक् ठक् मात्र बहुतेक अँटी रोल बारच्या (वळणात गाडी कलणं आवरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉडचं, म्हणजे तो बार चाकाकडे जोडणाऱ्या छोट्या दांडीचं. कमी वेग, छोटे खड्डे, एका बाजूचा आवाज, सगळं जुळतंय. सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम तेच आहे, तिथून सुरुवात करा.

वळणवेडा
गतिमतीताई, धन्यवाद. शनिवारी गाडी वर घेतो. टायर मात्र आत्ताच बघून आलो. नटबोल्ट, तुम्हाला साष्टांग नमस्कार. टायर दहा वर्षं उलटून गेलेले आहेत आणि नक्षी जवळजवळ नव्यासारखी. विकणाऱ्याने "टायर ऐंशी टक्के" असं सांगितलं होतं, ते नक्षीपुरतं खरंच होतं म्हणायचं.

सपाटगाडी
इतका काथ्याकूट कशाला? कॉइलओव्हर घ्या. शॉक, स्प्रिंग, बम्प स्टॉप (प्रवास संपताना चाक थांबवणारा ठोकळा), सगळं नवं एका खोक्यात येतं, उंची हवी तशी, कडकपणा हवा तसा. जुन्या मापाचे शॉक घेऊन गाडी पुन्हा २००१ला नेण्यात काय हशील? मडगार्ड आणि टायरमध्ये एवढी फट असलेली स्पोर्ट्स कार बघवत नाही.

खडखडाट
फटीत हात जातो म्हणून निदान टायरवरून तळहात फिरवता तरी येतो. वर नटबोल्ट यांनी सांगितलंय ना.

दोलक
@सपाटगाडी, कडक स्प्रिंग म्हणजे चांगली पकड, हे गृहीतक आधी तपासू या. हिशेब सोपा आहे. समजा एका चाकावर स्प्रिंगवरचं वजन २५० किलो आहे. स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसते, म्हणून चाकापाशी तिची ताकद मोशन रेशोच्या (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते, त्या प्रमाणाच्या) वर्गाने घटते. स्प्रिंग ४५ न्यूटन प्रति मिलिमीटर आणि रेशो ०.७५ धरला तर चाकापाशी सुमारे २५ उरते. त्यावरून त्या कोपऱ्याची नैसर्गिक कंपनं निघतात सेकंदाला साधारण १.६. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला हा आकडा छान. (आकडे समजावण्यापुरते आहेत, एमएक्स-५चे नव्हेत.)

आता स्प्रिंग दुप्पट कडक करा. कंपनं दुप्पट होत नाहीत, १.४१ पट होतात, म्हणजे सव्वादोनच्या आसपास. ट्रॅकवर, जिथे डांबर गुळगुळीत असतं, तिथे हे चालतं. रस्त्यावर चाक उंचवट्याच्या मागे खाली उतरायच्या आत गाडी पुढे गेलेली असते, आणि हवेतल्या टायरला पकड शून्य.

उंचीचं तर त्याहून वाईट. गाडी खाली आणली की वर जायला उरलेला प्रवास घटतो. वळणात बाहेरचं चाक बम्प स्टॉपवर टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम चढतो. हे मागे घडलं तर मागचं सुटतं, पुढे घडलं तर गाडी वळायचं नाकारते. या गाडीत प्रवास मुळातच फार नाही.

सपाटगाडी
हिशेब मान्य, पण तुम्ही स्वस्त खोक्यांबद्दल बोलताय. चांगल्या कॉइलओव्हरमध्ये शॉकची नळी वेगळी आणि उंची वेगळी बदलता येते, प्रवास न गमावता. शिवाय चारही कोपऱ्यांचं वजन काट्यावर मोजून उंची लावली की उजवं-डावं सारखं वळतं, हे ठरावीक उंचीच्या स्प्रिंगांना कधीच जमणार नाही. मी ट्रॅकवर जातो, माझ्यासाठी हेच बरोबर आहे. वळणवेडा ट्रॅकवर जाणार आहेत का, हे कोणी विचारलंच नाही.

वळणवेडा
नाही. रविवारी पहाटे रिकामा रस्ता आणि उघडं छत, एवढीच महत्त्वाकांक्षा.

सपाटगाडी
मग माझा मुद्दा बाद. पण फट वाईट दिसते यावर मी ठाम आहे.

रबरबाबा
रस्त्यासाठी मूळ मापाची उंची आणि त्या स्प्रिंगेला जुळणारा चांगला शॉक, यापुढे जाऊ नये असं माझं मत. बिल्स्टाइनच घ्यायचा तर नावं नीट बघून घ्या: बी४ म्हणजे मूळ शॉकच्या जागी तसाच, बी६ म्हणजे मूळ उंचीलाच पण जास्त आवर घालणारा, बी८ हा बुटक्या स्प्रिंगांसाठी आखूड केलेला. लोक मूळ स्प्रिंगेवर बी८ टाकतात आणि मग चाक खाली पुरेसं उतरत नाही. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये रिबाउंड (शॉक परत लांब होतानाचा आवर) फिरवून बदलता येतो. तो पूर्ण कडक करून ठेवायचा मोह आवरा, सलग उंचवट्यांवर चाक खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी दर धक्क्याला खाली खाली बसत जाते.

शंकासूर
बुश घालायचेच तर पॉलियुरेथेनचे का नकोत? आयुष्य जास्त म्हणतात.

सपाटगाडी
घालाच. स्टिअरिंग काय सरळ बोलतं!

रबरबाबा
बोलतं, आणि थोड्या महिन्यांनी कुरकुरतं. पॉलीचा बुश रबरासारखा पिळवटत नाही, आतल्या नळीवर घसरून फिरतो. म्हणून ग्रीस लागतो, ग्रीस सुकला की दर उंचवट्याला चूंऽऽ. डबल विशबोनमध्ये आर्म एकाच अक्षावर फिरतो, तिथे पॉली निदान तत्त्वतः चालतो. इतर गाड्यांच्या मागच्या मल्टीलिंकमध्ये (अनेक दांड्यांच्या जोडणीत) किंवा ट्रेलिंग आर्ममध्ये (गाडीच्या लांबीला असलेल्या आर्ममध्ये) तोच बुश दोन-तीन दिशांनी तिरपा व्हावा लागतो. तिथे कडक बुश घातला की आर्म अडकतो आणि अडकलेला आर्म म्हणजे हिशेबात नसलेली जादा स्प्रिंग.

शिवाय काही गाड्यांत रबराचं नरमपण मुद्दाम योजलेलं असतं. पोर्शे ९२८मधला वायझाख आक्स आठवा, १९७७ची गाडी. वळणात घाबरून थ्रॉटल सोडला तरी मागच्या चाकाचा टो बाहेर न जाता आत राहावा, अशी त्या जोडणीची रचना. दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७मध्ये माझदाने बाजूच्या जोरावर मागचा टो बदलणारी हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) जोडणी केली होती. हलक्या जोराला किंचित बाहेर, जोर वाढला की आत. अशा ठिकाणी रबर हा अभियंत्याने काढलेल्या आकृतीचाच भाग आहे.

जुनाजाणता
आरएक्स-७ची ती जोडणी कितीतरी लोक काढूनच टाकतात. घट्ट बुश घालतात, म्हणतात मागचं चाक मला न विचारता वळू नये. ज्याची त्याची आवड. नवीन असताना ती हुशारी असते, रबर म्हातारं झालं की तीच लहरीपणा होते.

खडखडाट
मला तर वाटतं चारी बाजूंना ट्रकचे पाटे टाका. ना शॉक, ना बुश, ना धागा.

जुनाजाणता
हसा, हसा. पण शेव्हरोले कॉर्व्हेटला १९८४पासून पुढे आणि मागे दोन्हीकडे आडवा पाटाच होता. लोखंडी नव्हे, फायबरग्लासचा, पुढे आणि मागे प्रत्येकी एकच पान. वजनाला हलका, उंचीत कमी जागा खाणारा, आणि दोन्ही चाकं एकाच पाट्याला असल्यामुळे अँटी रोल बारचं थोडं काम फुकटात. कॉइल स्प्रिंगा आल्या त्या इंजिन मधे गेल्यावर, आठव्या पिढीत, २०२०च्या मॉडेलला. दरम्यान त्या पाट्यांनी भल्याभल्यांना मागे टाकलं.

खडखडाट
माझा विनोद असा अभ्यासपूर्ण रीतीने कोणी मारला नव्हता.

चुंबकवाला
अवांतर होतंय पण विचारतो. माझ्या गाडीत चुंबकीय शॉक आहेत, ज्यांत तेलातच लोहकण असतात आणि विजेने घट्टपणा बदलतो. नवे घ्यायचे तर किमती ऐकून घाम फुटतो. साधे शॉक बसतात का?

दोलक
मापाने बसणारे मिळू शकतात, पण गाडीच्या कॉम्प्युटरला शॉक सापडला नाही की दिवा लागतो. त्यासाठी जोडणीत वेगळा मॉड्यूल लागतो. काही गाड्यांत त्या बिघाडामुळे इतर प्रणालीही सावध पवित्रा घेतात, तेव्हा तुमच्या मॉडेलचं आधी तपासा. ही प्रणाली प्रथम आली २००२च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये, पाठोपाठ कॉर्व्हेटमध्ये. म्हणजे आता अशा गाड्याही सेकंडहँड हौशी लोकांच्या हाती येऊ लागल्या आहेत, तुमचा हा प्रश्न पुढे बरेच जण विचारणार. वेगळा धागा काढा, इथे वळणवेडा रडतील.

गंजकर
उशिरा आलो. बुश, शॉक, स्प्रिंग यांवर भरपूर बोलणं झालं, पण या कामात खरा शत्रू कोण हे कोणी लिहिलं नाही. बोल्ट!

एमएक्स-५च्या खालच्या आर्मला चारही कोपऱ्यांत कॅम बोल्ट असतात, ज्यांच्या टोकाला मध्यापासून सरकवलेली चकती असते आणि ते फिरवून कँबर (समोरून पाहता चाकाचा कल), टो, पुढच्या चाकांना कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) लावतात. वर्षानुवर्षं कोणी फिरवले नसतील तर ते बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. मागच्या हबच्या खालचा तो लांब बोल्टही त्याच वळणाचा. नट सुटतो, लोकांना वाटतं जिंकलो, आणि बोल्ट जागचा हलत नाही. हातोड्याने ठोकाल तर बोल्टचं डोकं पसरेल, वर आर्मही वाकेल.

आदल्या आठवड्यापासून रोज भेदक तेल मारा. जागेवर असताना आधी घट्ट करायच्या दिशेने जराशी हालचाल बघा, मग उलट. नाहीच झालं तर रबरालगत आर्म आणि शासीच्या फटीतून हॅकसॉने बोल्ट कापायचा, तो आणि बुश दोन्ही नवे. म्हणून काम काढण्याआधी नवे कॅम बोल्ट, कॅम वॉशर आणि नट हातात हवेत. गाडी अर्धी उघडी आणि भाग यायला अजून पंधरा दिवस, हे चित्र अनेक गॅरेजांत पाहिलंय.

कॅमची जुनी जागा रंगाने खूण करून ठेवा. नवे बोल्ट साधारण त्याच खुणेवर बसवले की गाडी निदान अलाइनमेंटपर्यंत सरळ चालत जाते. बसवताना गंजरोधक ग्रीस बोल्टच्या गुळगुळीत भागाला लावा, आट्यांना नको. आटे ओले असले की त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो.

नटबोल्ट
गंजकर यांना +१. शॉक काढताना-बसवताना त्याचा चकचकीत दांडा पकडीने धरू नका. एक ओरखडा पडला की नव्या शॉकचं सील गेलं. आणि स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय वरचा मधला नट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. कंप्रेसर भाड्याचा असेल तर त्याचे आटे आणि हूक आधी नीट बघून घ्या.

वळणवेडा
शनिवारचा वृत्तांत. गाडी वर घेतली.

डाव्या पुढच्या लिंक रॉडचा जॉइंट हाताने गदागदा हलतोय, म्हणजे ठक् ठक् सापडली. ताई, बरोबर ओळखलंत. बॉल जॉइंट आणि टाय रॉड चारही बाजूंनी घट्ट. मागच्या दोन्ही खालच्या आर्मच्या आतल्या बुशांना चिरा आहेत, उजवीकडे पहार लावली की आर्म चांगला सरकतो. पुढचे बुश कडक झालेत पण चिरलेले नाहीत. मागच्या उजव्या शॉकवर ओघळ खालपर्यंत आहे.

आणि एक गंमत. शॉकच्या दांड्यावरचं धूळरबर वर सरकवलं तर आत बम्प स्टॉप नाहीच! पिवळट भुगा तेवढा खाली पडला. मागचे दोन्ही तसेच. पुढच्यांचा थोडा तुकडा शिल्लक आहे.

दोलक
बम्प स्टॉप फेसाच्या पॉलियुरेथेनचे असतात आणि वयाने भुगा होतात. तुमचं वळणातलं सरकणं आता बऱ्यापैकी उलगडलं. फेस हळूहळू दाबला जाऊन चाकाला मऊपणे थांबवतो. तो नसेल तर प्रवास संपला की लोखंडावर लोखंड. त्यात चिरलेला बुश आणि दहा वर्षं उलटलेला टायर. अशी गाडी उंचवट्यावर सरळ राहिली असती तर नवल.

शंकासूर
मग क्रम काय ठरला? मूळ प्रश्न तोच होता बहुधा.

गतिमती
माझं उत्तर: लिंक रॉड याच आठवड्यात. मग टायर. ते बाकी सगळ्याआधी, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही कळणारच नाही. नंतर मागचा आक्स एकदाच पूर्ण: शॉक, बम्प स्टॉप, वरचे माउंट (शॉकचं वरचं टोक शासीला धरणारे), खालचे बुश, कॅम बोल्ट. पुढचा आक्स पैसे जमले की. मागचं काम झाल्यावर एक अलाइनमेंट, पुढचं झाल्यावर दुसरी.

रबरबाबा
इथे मी असहमत. मागचे शॉक नवे आणि पुढचे पंचवीस वर्षांचे, ही गाडी चमत्कारिक चालेल. पुढचं डुलणार, मागचं आवरलेलं. दोन अलाइनमेंटचे पैसे वाया. सहा महिने थांबा, सगळं एकत्र करा.

गतिमती
सहा महिने फुटका शॉक आणि सरकणारा आर्म घेऊन चालवायचं? मग गाडी उभीच ठेवावी लागेल.

गंजकर
मधला मार्ग. चारही शॉक, बम्प स्टॉप आणि वरचे माउंट एकत्र, कारण त्यांचं काम तेच आणि स्प्रिंग दोनदा सोडायची नाही. सोबत फक्त मागचे खालचे बुश. पुढचे बुश चिरलेले नाहीत, ते पुढच्या वर्षी. माझदाने या दुसऱ्या पिढीत बम्प प्रवास जास्त देणारे वरचे माउंट दिले होते, आधीच्या पिढीचे लोक तेच मुद्दाम शोधून बसवतात, तुमच्याकडे आधीच आहेत. रबर शाबूत असेल तर माउंट साफ करून परत वापरा, तेवढाच खर्च वाचेल.

रबरबाबा
हे पटतं.

गतिमती
मलाही. पण टायर आधी!

वळणवेडा
ठरलं तर. लिंक रॉड आणि टायर आधी, मग गंजकर म्हणतात तसं. बुटक्या स्प्रिंगा रद्द, सपाटगाडी क्षमा करोत. बुश मी प्रेसने स्वतः घालू शकेन का?

गतिमती
हायड्रॉलिक प्रेस आणि योग्य मापाच्या नळ्या असतील तर हो. नाहीतर आर्म सुटे करून तेवढंच काम बाहेरून करून घ्या. काढण्याआधी बुशची दिशा आर्मवर खुणेने लिहा. काही बुशांत मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, ते फिरवून बसवले तर नरम बाजू चुकीच्या दिशेला जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे गॅरेजातही सर्रास चुकतं. बुशचा बोल्ट चाक हवेत लोंबत असताना शेवटचा आवळायचा नाही. रबर त्याच स्थितीत जखडलं जातं, गाडी खाली टेकली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. काम झालं की आर्मखाली जॅक लावून हब त्याच अंतरावर आणा आणि मग टॉर्क रेंचने आवळा. जुनं माप डाव्या-उजव्या बाजूला वेगळं आलं तर स्प्रिंग बसली आहे का तेही तिथेच कळेल.

हब मोकळा असताना ब्रेकच्या होसवर लोंबू देऊ नका, दोरीने वर बांधा. एबीएस असेल तर तिची तारही सांभाळा.

नटबोल्ट
लिंक रॉड बसवताना दोन्ही बाजूंची चाकं एका पातळीत हवीत. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला असतो, बोल्ट भोकात जात नाही आणि माणूस हातोडा शोधायला लागतो.

वळणवेडा
अलाइनमेंटवाल्याला काय आकडे सांगू? तो म्हणतो "कंपनीचे लावतो".

दोलक
कंपनीची श्रेणी रुंद असते, त्यात कुठेही लावलं तरी पडद्यावर हिरवा दिवा लागतो. म्हणून आकडा हातात द्या. रस्त्यासाठी मी पुढे कँबर उणे १ अंश, मागे उणे दीड, कॅस्टर ५ अंशांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखा, पुढचा टो शून्य, मागे एकूण दोनेक मिलिमीटर आत, इथून सुरुवात करेन. मागचा टो बाहेर जाऊ द्यायचा नाही. टायरचा दाब आधी बरोबर करून घ्या, आणि तुमच्या वजनाइतकं ओझं चालकाच्या सीटवर ठेवायला सांगा. हजार किलोच्या गाडीत एका माणसाने फरक पडतो.

सपाटगाडी
पुढे उणे दीड लावा. टायरची बाहेरची कड कमी घासते आणि गाडी वळायला तयार असते. टो शून्यावर असेल तर आतली कड फार खात नाही.

दोलक
वेगाने वळणं घेणार असतील तर चालेल. पण पुढे वाढवलं तर मागेही त्या प्रमाणात वाढवा, नाहीतर मागचं आधी सुटायला लागेल.

वळणवेडा
आधी उणे १ आणि उणे दीडवर चालवून बघतो. लिंक रॉड काल बसवला, ठक् ठक् गेली. आता मागून एक बारीक चूं येतंय, जे आधी त्या आवाजात ऐकूच येत नव्हतं.

खडखडाट
हात जोडून सांगतो, खिडक्या बंद करा आणि गाणी लावा.

गतिमती
मागच्या अँटी रोल बारचे शासीवरचे बुश बघा. दोन बोल्टांच्या पट्टीत असतात, दहा मिनिटांचं काम. सुकलेले असतील तर नवेच घाला, आत खनिज ग्रीस चोपडू नका, रबर फुगतं. सिलिकॉनचा चालेल.